वाऱ्याचा माग काढणारे याकोब ब्यर्कनेस

एखाद्या वर्षी पाऊस वेळेवर येतो, नदी-नाले भरतात आणि ज्वारी-बाजरीची कणसे दाण्यांनी लवतात. दुसऱ्या एखाद्या वर्षी मृग कोरडा जातो, आर्द्रा कोरड्या जातात आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. जमीन तीच, डोंगर तेच, सूर्यही तोच. मग एका वर्षाचे हवामान दुसऱ्या वर्षासारखे का नसते? या प्रश्नाच्या उत्तराचा एक मोठा भाग आपल्यापासून हजारो किलोमीटर दूर, पॅसिफिक महासागराच्या पाण्यात आणि त्या पाण्यावरून वाहणाऱ्या वाऱ्यात दडलेला होता. तो उलगडून दाखवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव याकोब ब्यर्कनेस. हे नाव तुम्हांला परके वाटायला नको. आपल्याकडे ज्याला याकूब म्हणतात, तेच हे याकोब!

याकोब यांचा जन्म २ नोव्हेंबर १८९७ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम शहरात झाला. त्यांचे घराणे मात्र नॉर्वे देशातले. घरात विद्येची परंपरा होती. आजोबा कार्ल आंतोन हे गणिताचे प्राध्यापक होते. पाणी आणि हवा यांसारखे वाहते पदार्थ कोणत्या नियमांनी चालतात, याचा शोध घेण्यात त्यांनी आयुष्य घालवले. वडील व्हिल्हेल्म हे मोठे भौतिकशास्त्रज्ञ होते. हवामान हा केवळ अंदाजाचा विषय नाही. आजच्या हवेची नीट मोजमापे हाती आली, तर उद्याच्या हवेचे गणित करता येईल, असे त्यांनी ठामपणे मांडले होते. त्या काळी हे धाडसाचे मत होते. अशा घरात याकोब लहानाचे मोठे झाले.

१९१३ मध्ये व्हिल्हेल्म जर्मनीतील लाइपझिग येथील संस्थेचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले. संस्थेतील तरुण विद्यार्थी एकामागून एक रणांगणावर गेले. त्यांपैकी एक जण वारे जिथे एकत्र येतात, त्या रेषांचा अभ्यास करत होता. १९१६ मध्ये तो लढाईत मारला गेला. त्याचे काम अर्धवट राहिले. त्याच वर्षी याकोब वडिलांकडे आले होते. त्यांनी ते अपुरे काम हाती घेतले. त्या वेळी त्यांचे वय अवघे अठरा-एकोणीस वर्षांचे होते.

१९१७ मध्ये हे कुटुंब नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील बर्गन या बंदराच्या गावी आले. नॉर्वे युद्धात उतरला नव्हता, तरी युद्धाची झळ त्यालाही लागली होती. परदेशातून येणारे धान्य कमी झाले होते. देशात जे पिकेल, ते वाया जाऊ न देणे गरजेचे होते. कापणीच्या वेळी पाऊस येणार की उघडीप राहणार, हे शेतकऱ्याला आधी कळले, तर पीक वाचणार होते. पण युद्धामुळे शेजारच्या देशांकडून तारेने येणाऱ्या हवामानाच्या बातम्या बंद झाल्या होत्या. तेव्हा व्हिल्हेल्म यांनी सरकारच्या मदतीने देशातच निरीक्षणाची अनेक नवी ठिकाणे उभारली. दीपगृहांवरील कामगार, मच्छीमार आणि गावोगावचे लोक हवेचा दाब, वारा आणि ढग यांची माहिती रोज पाठवू लागले.

याकोब ही माहिती नकाशावर मांडत. पूर्वी नकाशावर दूरदूरचे थोडेच ठिपके असत. आता ते दाट झाले. त्यामुळे आजवर न दिसलेली एक गोष्ट त्यांच्या नजरेस आली. पाऊस घेऊन येणाऱ्या वादळात थंड हवा आणि उबदार हवा एकमेकींत सहज मिसळत नाहीत. त्यांच्यामध्ये स्पष्ट सीमा असते आणि पाऊस बहुधा त्या सीमेवरच पडतो. दोन सैन्ये समोरासमोर उभी ठाकावीत, तशी ही सीमा असते. म्हणून तिला युद्धातलाच शब्द मिळाला - आघाडी. याकोब यांनी या शोधावर लिहिलेला लेख १९१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तो फक्त आठ पानांचा होता आणि लेखक होता एकवीस वर्षांचा. त्या आठ पानांनी जगभरच्या हवामानशास्त्राला नवी दिशा दिली. पुढे देशोदेशींच्या वेधशाळा आपल्या नकाशांवर या आघाड्या दाखवू लागल्या.

एवढे यश मिळाल्यावर एखाद्याने त्यावरच समाधान मानले असते. याकोब यांनी तसे केले नाही. बर्गनच्या हवामान कचेरीत त्यांनी अनेक वर्षे काम केले, पुढे ते तेथे प्राध्यापकही झाले. १९३९ मध्ये ते काही महिन्यांच्या व्याख्यान-दौऱ्यासाठी अमेरिकेस गेले. दौरा संपवून परत यायचे, असा बेत होता. परंतु दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजांनी नॉर्वेचा ताबा घेतला. परतीची वाट बंद झाली. याकोब अमेरिकेतच राहिले. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी हवामानशास्त्राचा विभाग उभा केला आणि युद्धकाळात हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना हवामानाचे शिक्षण दिले. १९४६ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले. एक महायुद्ध त्यांना बर्गनला घेऊन आले होते, दुसऱ्याने त्यांना पॅसिफिक महासागराच्या काठावर आणून सोडले. पुढे याच महासागराने त्यांना आयुष्यातला दुसरा मोठा शोध दिला.

उमेदीच्या काळात याकोब यांनी एक-दोन दिवसांत येऊन जाणाऱ्या वादळांचा अभ्यास केला होता. उतारवयात त्यांनी वेगळा प्रश्न हाती घेतला. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान एका वर्षी जास्त आणि दुसऱ्या वर्षी कमी का असते? सूर्य तर दरवर्षी जवळजवळ तितकीच उष्णता देतो.

या अभ्यासासाठी त्यांनी प्रथम अटलांटिक महासागर निवडला. त्या महासागरातून जहाजांची ये-जा फार पूर्वीपासून चालू होती. जहाजावरचे लोक बादलीने समुद्राचे पाणी वर काढत, त्यात तापमापक बुडवत आणि येणारा आकडा नोंदवहीत लिहून ठेवत. वारा आणि हवेचा दाब यांचीही ते नोंद करत. अशा नोंदींचे ढीग साठले होते. याकोब यांनी अनेक दशकांच्या नोंदी वर्षांप्रमाणे लावल्या आणि वाऱ्याची व पाण्याची तुलना केली. उत्तर अटलांटिकमध्ये ज्या वर्षी पश्चिमेकडून येणारे वारे जोरात वाहत, त्या वर्षी त्या वाऱ्यांखालचे पाणी नेहमीपेक्षा थंड असे. वारे मंद असले, की तेच पाणी उबदार राही.

असे का व्हावे? आपल्या घरातला माठ आठवा. उन्हाळ्यात माठाला ओले फडके गुंडाळून तो वाऱ्याच्या झुळकीत ठेवला, की पाणी लवकर गार होते. वाऱ्यामुळे फडक्यातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ होताना ते पाणी माठातली उष्णता घेऊन जाते. समुद्रावरही हेच घडते. वारा जितका जोराचा आणि कोरडा, तितकी वाफ जास्त आणि पाणी तितके थंड. शिवाय ताक घुसळणाऱ्या रवीसारखा वारा समुद्राचा वरचा थर घुसळून काढतो. त्यामुळे खालचे थंड पाणी वरच्या पाण्यात मिसळते. आपल्या अरबी समुद्रातही हे दिसते. मे महिन्यात तापलेला हा समुद्र जून-जुलैमध्ये जोराचे मोसमी वारे सुरू झाले की ऐन उन्हाळ्यापेक्षा थंड होतो. हा ‘मोसमी’ शब्द अरबी भाषेतील ‘मौसिम’ या शब्दावरून आला आहे. उर्दूतला ‘मौसम’ त्याचाच भाऊ.

याकोब यांनी १९६४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षावर्षाला होणारे बदल मुख्यतः वाऱ्याच्या जोरावर ठरतात, तर अनेक दशकांत हळूहळू होणाऱ्या बदलांमागे समुद्रातील मोठ्या प्रवाहांचा हात असतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

याच सुमारास त्यांचे लक्ष दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या किनाऱ्याकडेही वळले होते. पेरूचा किनारा विषुववृत्ताच्या जवळ आहे, पण तेथील समुद्राचे पाणी थंड असते. किनाऱ्यालगत वाहणारे वारे पृष्ठभागावरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोल समुद्रातले थंड पाणी वर येते. या पाण्याबरोबर माशांच्या खाद्याला पोसणारी द्रव्येही वर येतात. म्हणून तेथे अँकोव्ही नावाच्या लहान चंदेरी माशांचे प्रचंड थवे असतात. त्या माशांवर लाखो समुद्रपक्षी जगतात आणि हजारो कोळी कुटुंबेही जगतात.

परंतु काही वर्षांच्या अंतराने तेथील पाणी अचानक गरम होई. मासे नाहीसे होत, पक्षी उपाशी मरत आणि कोळ्यांची जाळी रिकामी येत. एरवी कोरड्या असणाऱ्या किनाऱ्यावर मुसळधार पाऊस कोसळे. हे उबदार पाणी नाताळच्या सुमारास येत असे. म्हणून तेथील कोळ्यांनी त्याला स्पॅनिश भाषेत ‘एल निनो’ असे नाव दिले होते. याचा अर्थ बाळ, म्हणजे बाळ येशू. नाव गोड असले, तरी मोठ्या एल निनोचे वर्ष कोळ्यांना कठीण जाई.

टूना माशांच्या मासेमारीसंबंधी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय आयोगासाठी याकोब यांनी एल निनोचा अभ्यास केला. तो १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. तोपर्यंत बहुतेक लोक असे समजत, की एल निनो ही पेरूच्या किनाऱ्यापुरती घटना आहे. तेथला वारा मंदावला, की तेथले पाणी गरम होते, एवढाच तिचा अर्थ लावला जाई.

पण १९५७ आणि १९५८ या वर्षांतील नोंदी काही वेगळेच सांगत होत्या. त्या काळात साठाहून अधिक देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्ष पाळले होते. पृथ्वी, हवा आणि समुद्र यांची एकाच वेळी जगभर मोजमापे घेणे हा त्याचा हेतू होता. योगायोगाने त्याच वेळी मोठा एल निनो आला. जहाजांनी घेतलेली तापमाने याकोब यांनी नकाशावर मांडली, तेव्हा नेहमीपेक्षा गरम असलेले पाणी फक्त पेरूजवळ दिसेना. ते विषुववृत्ताच्या बाजूने पश्चिमेकडे हजारो किलोमीटरपर्यंत पसरले होते! एवढा मोठा समुद्र एका किनाऱ्यावरच्या वाऱ्यामुळे तापणे शक्य नव्हते. कारण तेवढेच मोठे असायला हवे होते.

पॅसिफिकच्या मध्यभागी कँटन नावाचे एक छोटे प्रवाळबेट आहे. महासागर ओलांडणारी विमाने पूर्वी तेथे थांबत असत. त्यामुळे तेथे हवामानाच्या नोंदी ठेवल्या जात. याकोब यांनी त्या बेटाच्या १९५० पासूनच्या नोंदी तपासल्या. बहुतेक वर्षी तेथे पूर्वेकडून वारा वाहे, समुद्र थंड असे आणि पाऊस थोडा पडे. परंतु १९५७-५८ मध्ये आणि नंतरच्या एल निनोच्या वर्षांत समुद्राचे पाणी हवेपेक्षा गरम झाले होते आणि बेटावर जोरदार पाऊस झाला होता. पूर्वेकडचे वारे त्या काळात मंदावले होते. बर्गनमध्ये ठिपके जुळवणारा तो तरुण आता सत्तरीकडे झुकला होता. पण ठिपके जुळवण्याची त्याची सवय तीच होती.

आता याकोब यांना चित्र स्पष्ट दिसू लागले. ते समजून घेण्यासाठी पाण्याने भरलेली मोठी परात डोळ्यांसमोर आणा. परातीच्या एका बाजूने पंख्याचा वारा सोडला, तर वरचे पाणी दुसऱ्या बाजूकडे सरकेल. पॅसिफिक महासागरात विषुववृत्ताजवळ वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. त्यांना व्यापारी वारे म्हणतात. हे वारे सूर्याने तापवलेले वरचे पाणी पश्चिमेकडे, म्हणजे इंडोनेशियाच्या बाजूला लोटतात. तेथे समुद्राची पातळी पूर्वेपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असते आणि उबदार पाण्याचा थर दीडशे मीटरपेक्षाही जाड असतो. पूर्वेकडे मात्र हा थर पातळ राहतो आणि खालचे थंड पाणी सहज वर येते. म्हणून पश्चिमेला पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस इतके उबदार असते, तर पूर्वेला ते कित्येक अंशांनी थंड असते.

आता समजा, हे वारे मंदावले. मग पश्चिमेला साठलेले उबदार पाणी पूर्वेकडे परतू लागते. महासागराच्या आतून जाणाऱ्या प्रचंड लाटेच्या रूपाने हा बदल दोन-तीन महिन्यांत दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचतो. तेथला उबदार थर जाड होतो. वारा वाहत राहिला, तरी खालून वर येते ते थंड पाणी नव्हे, उबदारच पाणी. एल निनो येतो तो असा.

पण वारे मंदावतात तरी का? याकोब यांच्या शोधाचे खरे मोल येथे आहे. पश्चिमेचे पाणी उबदार असल्याने तेथली हवा तापून वर चढते, ढग बनतात आणि पाऊस पडतो. ही हवा उंचावरून पूर्वेकडे जाते, थंड समुद्रावर खाली उतरते आणि पृष्ठभागावरून पुन्हा पश्चिमेकडे येते. हा पृष्ठभागावरचा प्रवाह म्हणजेच व्यापारी वारे. म्हणजे पूर्व-पश्चिम पाण्याच्या तापमानातील फरकामुळे वाऱ्याला जोर येतो आणि वाऱ्याच्या जोरामुळे तो फरक टिकून राहतो. काही कारणाने वारा थोडा मंदावला, तर पूर्वेचे पाणी तापते. फरक कमी होतो, त्यामुळे वारा आणखी मंदावतो आणि पाणी आणखी तापते. याउलट वारा वाढला, तर पूर्वेचे पाणी अधिक थंड होते आणि वारा अधिकच वाढतो. दोघांपैकी कोण पुढे आणि कोण मागे, हे सांगणे कठीण. वारा समुद्राला बदलतो आणि समुद्र वाऱ्याला बदलतो.

या ठिकाणी याकोब यांच्या कामाचा धागा भारताशी जुळला. १८९९-१९०० मध्ये पाऊस न झाल्याने आपल्या देशात भयंकर दुष्काळ पडला होता. त्यानंतर काही वर्षांनी, १९०४ मध्ये, गिल्बर्ट वॉकर नावाचे इंग्रज गणिती भारतातील वेधशाळांचे प्रमुख झाले. पावसाचा अंदाज काही महिने आधी सांगता यावा, या ध्यासाने त्यांनी जगभरच्या हवामानाचे आकडे गोळा केले. भारतीय कारकुनांच्या मदतीने त्यांनी हजारो गणिते हातांनी केली. त्यांतून त्यांना एक नवल दिसले. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब वाढला, की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो आणि तिकडे कमी झाला, की इकडे वाढतो. जणू हवेची एक प्रचंड झुलती फळी! भारतातील पावसाशी तिचा संबंध होता. १९२४ च्या सुमारास वॉकर यांनी तिला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले.

परंतु ही फळी का हलते, हे वॉकर यांना सांगता आले नाही. महासागराच्या मध्यभागाची मोजमापे त्या काळी फारशी नव्हती. कारण सांगता येत नसल्याने अनेकांनी त्यांच्या कामावर शंका घेतली. पुढे ते काम बरेचसे विस्मरणात गेले. ४ नोव्हेंबर १९५८ रोजी वॉकर यांचे निधन झाले. ज्या १९५७-५८ च्या नोंदींतून त्यांच्या कोड्याचा उलगडा होणार होता, त्या तेव्हा नुकत्याच जमा होत होत्या.

याकोब यांनी ओळखले, की वॉकर यांची झुलती फळी आणि पेरूच्या कोळ्यांचा एल निनो या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. एक बाजू हवेतली आणि दुसरी पाण्यातली. दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे पृष्ठभागावरचा वारा. १९६६ आणि १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखांत त्यांनी हे मांडले. पॅसिफिकवरील हवेच्या त्या पूर्व-पश्चिम चक्राला त्यांनी नाव दिले ‘वॉकर अभिसरण’. स्वतःच्या शोधाला त्यांनी स्वतःचे नाव दिले नाही. ज्यांचे काम अपुरे राहिले होते आणि ज्यांना ते पुरे झालेले पाहता आले नाही, त्यांचे दिले.

हा शोध किती महत्त्वाचा होता, हे लवकरच दिसले. १९७२ मध्ये पुन्हा मोठा एल निनो आला. १९७० मध्ये पेरूच्या कोळ्यांनी एक कोटी टनांहून अधिक अँकोव्ही पकडली होती. तीन वर्षांत हे प्रमाण पाव हिश्श्याहूनही खाली आले. पाणी तापले होते आणि त्यात भर म्हणून मासे आधीच बेसुमार पकडले गेले होते. त्याच वर्षी भारतातही पाऊस फार कमी झाला. महाराष्ट्रात आधीपासून पाऊस अपुरा होता, त्यात १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, गुरे दगावली. लाखो माणसे खडी फोडायला, रस्ते आणि पाझर तलाव बांधायला दुष्काळी कामांवर गेली. पेरूचा कोळी आणि मराठवाड्याचा शेतकरी यांनी एकमेकांना कधी पाहिले नव्हते. त्यांच्या संकटांत एकाच वाऱ्याचा हात होता.

मात्र एल निनो आला, की भारतात दुष्काळ पडतोच, असे नाही. १९९७ मध्ये फार मोठा एल निनो असूनही आपल्याकडे पाऊस जवळजवळ नेहमीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागरातच वारे आणि पाण्याचे तापमान वेगळ्या तऱ्हेने बदलले होते व त्याचा आपल्या पावसाला आधार मिळाला, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. निसर्गात एका गोष्टीला बहुधा एकच कारण नसते.

एक कोडे याकोब यांना उलगडले नाही. वारा आणि समुद्र एकमेकांना बळ देत राहिले, तर हे चक्र थांबते कसे आणि उलट का फिरते? याचे उत्तर त्यांच्यानंतरच्या शास्त्रज्ञांनी शोधले. क्लाउस विर्टकी यांनी बेटांवरील समुद्रपातळीच्या नोंदी तपासल्या. एल निनोच्या आधी पेरूजवळचा वारा नव्हे, तर पॅसिफिकच्या मध्यभागावरचा वारा मंदावतो, हे त्यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले. पुढे समुद्राच्या आत मंद गतीने जाणाऱ्या लाटा हे चक्र कसे उलटे फिरवतात, हेही समजले. त्याच १९७५ साली, ७ जुलै रोजी, याकोब ब्यर्कनेस यांचे लॉस एंजेलिस येथे निधन झाले.

१९८२ मध्ये आलेला एल निनो फार मोठा होता, पण तो पुष्कळ वाढेपर्यंत कोणाच्या नीट लक्षातच आला नाही. त्यानंतर शास्त्रज्ञांनी पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताजवळ सुमारे सत्तर तरंगती यंत्रे नांगरून ठेवली. हे काम १९९४ मध्ये पूर्ण झाले. ही यंत्रे वारा आणि पाण्याचे तापमान मोजतात आणि ती माहिती उपग्रहामार्फत किनाऱ्यावर पोहोचवतात. अशा मोजमापांमुळे एल निनो येणार, हे काही महिने आधी सांगता येऊ लागले. आज भारतीय हवामानशास्त्र विभाग पावसाळ्याचा अंदाज देतो, तेव्हा पॅसिफिकच्या पाण्याचाही विचार करतो. वारा आणि समुद्र एकमेकांना बळ देतात, या क्रियेला आज ब्यर्कनेस यांचे नाव आहे. त्यांनी स्वतः जे केले नाही, ते पुढच्या पिढीने केले.

युद्धात मारल्या गेलेल्या एका विद्यार्थ्याचे अर्धे काम याकोब यांनी तरुणपणी पुढे नेले. म्हातारपणी वॉकर यांचे अर्धे काम त्यांनी पुढे नेले आणि त्यांचे स्वतःचे उरलेले काम इतरांनी पुढे नेले. बादलीत तापमापक बुडवून आकडा लिहिणारा खलाशी, दूरच्या बेटावर पाऊस मोजणारा निरीक्षक आणि हातांनी गणिते करणारा कारकून यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. परंतु त्यांनी प्रामाणिकपणे लिहून ठेवलेले आकडे नसते, तर याकोब यांना वाऱ्याचा माग कधीच लागला नसता.

शब्दार्थ

लवणे - वाकणे, झुकणे
उघडीप - पाऊस थांबून आकाश मोकळे होणे
झळ लागणे - त्रास पोहोचणे
उमेदीचा काळ - तरुणपणाचा, उत्साहाचा काळ
रवी - ताक घुसळण्याचे लाकडी साधन
परात - मोठे पसरट ताट
प्रवाळबेट - पोवळ्यांपासून बनलेले बेट
अभिसरण - चक्राकार वाहणे
बेसुमार - अतिशय, प्रमाणाबाहेर
दगावणे - मरणे
माग काढणे - खुणांवरून शोध घेणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) याकोब ब्यर्कनेस यांचा जन्म कोठे झाला?
(आ) ‘एल निनो’ या शब्दांचा अर्थ काय?
(इ) वॉकर यांनी हवेच्या दाबाच्या झुलत्या फळीला कोणते नाव दिले?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जोराच्या वाऱ्यामुळे समुद्राचे पाणी थंड का होते?
(आ) एल निनो ही फक्त पेरूच्या किनाऱ्यापुरती घटना नाही, हे याकोब यांना कशावरून कळले?
(इ) व्यापारी वारे मंदावले, की पॅसिफिक महासागरात काय घडते?

३. वाक्यात उपयोग करा.
डोळे लावून बसणे, झळ लागणे, माग काढणे

४. ‘मौसम’ आणि ‘मोसमी’ यांप्रमाणे उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे पाच शब्द शोधून लिहा.

५. घरातील वडीलधाऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारा आणि त्यांनी सांगितलेली माहिती आठ-दहा ओळींत लिहा.